घरच्या मशीनवर एस्प्रेसो: दळण, काटा आणि चव

घरची एस्प्रेसो आंबट, पाणचट किंवा जळकी लागली की दोष मशीनवर जातो. खरं तर बहुतेक वेळा गडबड दळणात असते. १८ ग्रॅम पुडीतून सुमारे ९ बार दाबाचं पाणी अर्ध्या मिनिटात जाणार, एवढाच खेळ. पूड किंचित जाडी झाली तर पाणी धावत सुटतं, किंचित बारीक झाली तर अडून बसतं. फिल्टर कॉफीत किंवा फ्रेंच प्रेसमध्ये एवढा फरक खपून जातो, इथे खपत नाही. म्हणून पैसे मोजके असतील तर मशीन एक पायरी खालचं घ्या आणि ग्राइंडर एक पायरी वरचा.

आधी ग्राइंडर, मग मशीन

दुकानातून ‘एस्प्रेसोसाठी’ म्हणून दळून आणलेली पूड तुमच्या मशीनला आणि बास्केटला (पूड भरायच्या चाळणीला) नेमकी जुळेल ही आशा सोडा. जुळली तरी दोन-तीन दिवसांत तिचा वास उतरतो आणि शॉट (एका वेळची एस्प्रेसो) वेगाने पडायला लागतो. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे फिरवले तर भुकटी आणि खडे एकत्रच मिळतात: भुकटी कडवट उतरते, खडे आंबट.

हवा तो बर्र ग्राइंडर (दोन दातेरी पात्यांमध्ये दाणे चिरडणारा), आणि तोही बारीक पायऱ्यांचा. हाताने फिरवायच्या ग्राइंडरांत किनग्राइंडर के६, वनझेडप्रेसो जे-अल्ट्रा, टाइममोर सी३ ईएसपी ही नावं एस्प्रेसोला चालतात. विजेवरच्यांत बराट्झा एन्कोर ईएसपी किंवा डीएफ५४ घरासाठी पुरेसे आहेत. साध्या हातग्राइंडरवर एका खटक्यात, म्हणजे दळणाच्या एका पायरीत, शॉटची वेळ बरीच उडी मारते. एक खटका अलीकडे पाणी धावतं, पलीकडे थेंब पडत नाही. खटके जवळजवळ असणं ही इथली पहिली अट.

मशीन घेताना खोक्यावरचे ‘१५ बार’, ‘२० बार’ हे आकडे पाहून भुलू नका. ती पंपाची कमाल ताकद. कॉफीवर लागतो तो दाब ९ बारच्या आसपासच हवा. मात्र ३.५ किंवा ५ बार लिहिलेली स्वस्त ‘एस्प्रेसो’ मशीनं टाळा. त्यांत पंप नसतो, नुसती वाफ पाणी ढकलते आणि निघणारी कॉफी मोका पॉटच्या (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याच्या) जातीची असते. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं मशीनही वाफेच्याच जोरावर चालायचं. दाट सोनेरी क्रेमा (कॉफीवरचा फेस) आला तो त्याच शहरातल्या आकिल्ले गाज्जियाच्या दांड्याच्या मशीनांमुळे, १९४० च्या दशकात, कारण तिथे दाब पहिल्यांदा इतका वाढला. १९६१ च्या फाएमा ई६१ ने ते काम विजेच्या पंपावर सोपवलं.

पुढची तपासणी बास्केटची. मशीनसोबत बहुधा दुहेरी तळाची बास्केट येते. उलटी करून पाहा, खाली एकच बारीक भोक दिसेल. ती स्वतःच दाब तयार करते, त्यामुळे कसलीही पूड घातली तरी वर फेस येतो आणि चुका झाकल्या जातात. तयार पूड वापरणार असाल तर तीच बरी. शिकायचं असेल तर एकेरी तळाची, चाळणीसारखी भोकं असलेली बास्केट घ्या. मापं वेगवेगळी असतात: डेलाँगी डेडिका ५१ मिमी, ब्रेव्हिल बँबिनो ५४ मिमी, गाज्जिया क्लासिक ५८ मिमी. टॅम्पर (पूड दाबायचं साधन) आणि बास्केट मागवण्यापूर्वी आपलं माप पक्कं करा.

तिसरी वस्तू वजनकाटा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ड्रिप ट्रेवर कपासकट मावणारा. सोनारकामाचा खिशातला काटाही चालतो, टायमर फोनवर लावता येतो. चमच्याने मोजून एस्प्रेसो जमत नाही, कारण एका ग्रॅमचा फरकही वेळेत दिसतो.

दाणे आणि पाणी

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते घेऊ नका. ‘बेस्ट बिफोर’ वरून काहीच कळत नाही. ताजे म्हणजे कालच भाजलेले असंही नाही. भाजल्यावर दाण्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. पहिल्या आठवड्यात तो पाण्याची वाट अडवतो, धार फसफसते आणि एकाच दळणाचे दोन शॉट सारखे येत नाहीत. मध्यम भाजलेले दाणे ७ ते १० दिवस मुरू द्या. पुढचे तीन-चार आठवडे त्यांचे.

सुरुवात मध्यम किंवा मध्यम-गडद भाजलेल्या दाण्यांनी करा. चिकमगळूर-कोडगूचे बरेच अरेबिका दाणे या भाजणीत चॉकलेट, शेंगदाणे अशा ओळखीच्या चवीकडे झुकतात आणि छोट्या चुका माफ करतात. फिके भाजलेले दाणे कठीण असतात, जास्त बारीक दळण आणि जास्त गरम पाणी मागतात. ते नंतरसाठी ठेवा. दुधाची कॉफी जास्त होत असेल तर १० ते २० टक्के चांगला रोबस्टा (अरेबिकापेक्षा कडक चवीची कॉफीची जात) असलेलं मिश्रण घ्या, क्रेमा दाट येतो आणि दुधातून चव वर येते. कापी रॉयल हा धुतलेल्या रोबस्टाचा वरचा प्रकार त्यासाठीच नावाजलेला आहे. मान्सून्ड मलबारही एस्प्रेसोच्या मिश्रणांत जुना: पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेले, आंबटपणा जवळजवळ नसलेले दाणे. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड मात्र या बास्केटमध्ये घालू नका.

दाणे हवाबंद डब्यात, ओट्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवा. रोज फ्रिजमधून आत-बाहेर केले तर त्यांच्यावर ओल धरते. किलोभर आणलेच असतील तर छोट्या बंद पाकिटांत फ्रीझरला टाका आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ग्राइंडरच्या हॉपरमध्ये (वरच्या दाण्यांच्या भांड्यात) दाणे भरून ठेवू नका, एका शॉटपुरते मोजून टाका. दमट हवेत कालचं दळण आज वेगळं वागतं, त्याचं आश्चर्य नको.

पाण्याचं गणित आपल्याकडे वस्तीनुसार बदलतं. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी सौम्य असतं, साध्या कार्बन फिल्टरमधून गाळून वापरलं तरी पुरतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड, ते मशीनमध्ये क्षार साठवतं. अशा घरी आरओ असतो, पण अगदी कमी टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाच्या) पाण्याची कॉफी सपक होते आणि काही मशीनांचा पाण्याचा सेन्सर त्याला ओळखतही नाही. आरओचं आणि गाळलेलं पाणी मिसळून टीडीएस ७५ ते १५० च्या दरम्यान आणा. मीटर स्वस्तात मिळतो. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या खिशात तो असतोच.

एक शॉट, सुरुवातीपासून

पाया असा: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. ५१ मिमीच्या बास्केटमध्ये १८ मावत नाहीत, तिथे १४ ते १५ ग्रॅम पूड आणि २८ ते ३० ग्रॅम कॉफी. कॉफी मिलिलिटरमध्ये मोजू नका, क्रेमा फसवतो.

मशीन पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायची दांडीची पकड) लावूनच गरम होऊ द्या. बॉयलरच्या मशीनला १५ ते २० मिनिटं लागतात, दिवा आधी हिरवा झाला तरीही. थर्मोब्लॉकची (पाणी वाहतानाच तापवणारी) मशीनं मिनिटभरात तयार होतात खरी, पण लोखंडासारखा गार पोर्टाफिल्टर पाण्याची सगळी ऊब पिऊन टाकतो. त्यातून रिकामेच दोन शॉट गरम पाणी सोडा, कपही त्यानेच तापवा.

दाणे मोजा. कोरड्या हवेत पूड ग्राइंडरला चिकटत असेल तर दाण्यांवर पाण्याचा एक बारीक शिडकावा पुरतो. दळून झाल्यावर पूड पुन्हा मोजा, अर्धा ग्रॅम आतच राहिलेला असू शकतो.

आता ज्या पायरीवर सर्वात जास्त घाई होते ती: पूड पसरणं. बास्केटमध्ये पडलेल्या पुडीत गुठळ्या असतात, एका बाजूला ढीग असतो. पाणी नेहमी सैल वाट शोधतं आणि तिथूनच निसटतं. बाकीची पूड कोरडीच राहते. ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या चार-पाच सुया बुचात खोचून घरीच हत्यार बनवता येतं. त्याने तळापासून छोटे गोल फिरवत वर या, शेवटी पृष्ठभाग सारखा करा. मग पोर्टाफिल्टर ओट्यावर एकदा हलकासा आपटा. एवढ्याने शॉट जितका सुधारतो तितका महागड्या टॅम्परनेही सुधारत नाही.

दाबताना किती किलो जोर लावला याला फार महत्त्व नाही, सपाटी महत्त्वाची. कोपर मनगटाच्या सरळ वर ठेवा आणि पूड आणखी खाली जाईना झाली की थांबा. वर पॉलिश करायला टॅम्पर फिरवायची गरज नाही. मशीनसोबतचा प्लास्टिकचा टॅम्पर बहुधा बास्केटपेक्षा लहान असतो आणि कडेला सैल पुडीचं कडं सोडतो, त्याच कडेने पाणी पळतं. नेमक्या मापाचा धातूचा टॅम्पर ही यादीतली पुढची खरेदी.

बास्केटची कड बोटाने पुसा, ग्रुपमधून (मशीनच्या ज्या तोंडाला पोर्टाफिल्टर अडकतो तिथून) दोन सेकंद पाणी सोडा, पोर्टाफिल्टर अडकवा, काट्यावर कप ठेवून शून्य करा. पंप आणि टायमर एकाच वेळी सुरू. ५ ते ८ सेकंदांत पहिले थेंब दिसावेत, मग गडद तपकिरी धार मधासारखी दाट उतरून हळूहळू फिकी होत जाते. काटा ३३ दाखवेल तेव्हाच बंद करा. उरलेले दोन-तीन ग्रॅम आपसूक पडतात.

दळण बसवणं

नवीन पाकीट उघडलं की पहिले तीन-चार शॉट दळण बसवण्यात जाणार हे धरून चाला. नियम एकच: पूड आणि कॉफी दोन्हींचं वजन पक्कं ठेवा आणि फक्त दळण बदला. एकाच वेळी पूड वाढवली, दळणही बारीक केलं आणि जोरही जास्त लावला, तर काय कशाने बदललं ते कधीच कळत नाही.

३६ ग्रॅम १५ सेकंदांतच पडले तर दळण बारीक करा. ४० सेकंद उलटून गेले तर जाडं करा. विजेच्या ग्राइंडरवर बारीक करताना मोटर चालू असतानाच चाक फिरवा, नाहीतर पात्यांत अडकलेली पूड दबते. बदल केल्यावर आतली दोन-तीन ग्रॅम जुनी पूड काढून टाका. हे विसरल्यामुळे ‘बारीक केलं तरी फरक नाही’ असं वाटतं आणि माणूस आणखी बारीक करून बसतो.

वेळ २५ ते ३० मध्ये आली की काट्याचं काम संपलं, आता जीभ. कॉफी चमच्याने तळापासून ढवळा, कारण थर वेगवेगळे असतात, आणि मिनिटभर निवू द्या. जिभेच्या कडांना झोंबणारा, लिंबासारखा आंबटपणा आणि पातळ चव म्हणजे कॉफी पाण्यात पुरती उतरली नाही. दळण जरा बारीक करा, किंवा दळण तेच ठेवून ३६ ऐवजी ४० ग्रॅम घ्या. घशात रेंगाळणारा कडूपणा आणि जळका वास आला तर जास्त उतरली आहे: दळण जाडं करा, किंवा ३० ते ३२ ग्रॅमवरच थांबा. गडद भाजलेल्या दाण्यांना ही दुसरी वाट जास्त मानवते. पाण्याचं तापमान बदलता येत असेल तर गडद दाण्यांना ८८ ते ९० अंश आणि फिक्यांना ९३ ते ९५ ठेवा.

तिसरी तऱ्हा सर्वात गोंधळात टाकते: आंबटही लागते, कडूही लागते आणि तोंड कच्च्या केळ्याने यावं तसं कोरडं, तुरट होतं. इथे लगेच दळणाला हात लावू नका. पाण्याने पुडीत चिरा पाडल्या आहेत. चिरेजवळची पूड जास्त उतरली, बाकीची कमी. उपाय पसरण्यात आणि सपाट दाबण्यात आहे. तळ नसलेला पोर्टाफिल्टर घेतला तर हे डोळ्यांना दिसतं: बारीक फवारे इकडेतिकडे उडतात, एक बाजू आधी फिकी पडते. खूपच बारीक दळलं तरी हेच होतं, त्यामुळे वेळ लांबूनही आंबट लागत असेल तर एक-दोन खटके जाडं करून पाहा. हा सल्ला उलटा वाटतो, पण लागू पडतो.

२५ ते ३० सेकंद हा शोधाचा आरंभ आहे. फिक्या दाण्यांचा ३५ सेकंदांत ४५ ग्रॅमचा शॉट छान लागला तर तोच बरोबर.

चोथा ओला, चिखलासारखा निघाला म्हणून शॉट वाईट ठरत नाही. बहुधा पूड बास्केटसाठी कमी असते. उलट पूड जास्त झाली का ते पाहायला दाबलेल्या पुडीवर स्वच्छ नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर अडकवून परत काढा. नाणं पुडीत रुतलं असेल तर अर्धा ग्रॅम कमी करा.

दूध

पिशवीचं पाश्चराइज्ड दूध तापवू नका, फ्रिजमधून गार काढून थेट वापरा. आपल्या सवयीनुसार तापवून ठेवलेल्या दुधात साय धरते, तिचे तुकडे फेसात गुठळ्या करतात आणि वाफेच्या नळीचं तोंड बंद करतात. गवळ्याचं सुटं दूध मात्र कच्चं असतं, ते उकळायलाच हवं. मग पूर्ण गार करून, गाळून वापरा. शिकताना ३ ते ३.५ टक्के स्निग्धांशाचं गाईचं किंवा टोन्ड दूध सोपं. ६ टक्क्यांचं फुल क्रीम चवीला श्रीमंत, पण त्याचा फेस जड होतो.

३५० मिलिच्या जगमध्ये १५० मिलि दूध घ्या. नळीतलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा. टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या अगदी किंचित खाली, मध्यापासून जरा बाजूला धरा. कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला की हवा आत जाते आहे. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची. मग टोक अर्धा सेंटिमीटर खाली न्या आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या, मोठे बुडबुडे त्यातच विरतात. तळहात जगवर टेकवणं असह्य झालं की वाफ बंद. ते साधारण ६० ते ६५ अंश. ७० च्या पुढे दुधाला उकळल्याचा वास येतो आणि गोडी जाते. लहान मशीनवर या सगळ्याला मिनिटभर लागू शकतं.

नळीवर प्लास्टिकची किंवा स्टीलची जाड बाही असेल तर ती भरभरून हवा ओढते आणि साबणासारखा कोरडा फेस करते. मॉडेलमध्ये ती निघत असेल तर काढून पाहा. काम झालं की लगेच ओल्या फडक्याने नळी पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. पाच मिनिटांनी तेच दूध खरवडावं लागतं.

एका बॉयलरच्या मशीनवर वाफेनंतर लगेच दुसरा शॉट काढलात तर तो जळणारच, कारण आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं असतं. ग्रुपमधून पाणी सोडत राहा. सूं-सूं आवाज आणि वाफ थांबून शांत धार आली की मग पोर्टाफिल्टर लावा. पाहुणे असतील तर सगळे शॉट आधी, दूध शेवटी.

साफसफाई

प्रत्येक शॉटनंतर चोथा काढून ग्रुपमधून पाणी सोडा आणि जाळी पुसा. आठवड्याला बास्केट आणि पोर्टाफिल्टर एस्प्रेसो क्लीनर पावडरच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. कॉफीचं तेल कुबट होतं आणि चांगल्या दाण्यांनाही तोच वास लागतो. बंद (बिनभोकाची) बास्केट लावून उलट धुणं फक्त तीन-मार्गी व्हॉल्व्ह (शॉटनंतर उरलेला दाब बाहेर सोडणारी झडप) असलेल्या मशीनवर करायचं, उदाहरणार्थ गाज्जिया क्लासिक. आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय करू नका.

क्षार काढायला निर्मात्याने सांगितलेलं द्रावण वापरा. पुस्तिकेत मनाई नसेल तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व चालतं. व्हिनेगरचा वास मात्र कितीतरी टाक्या पाणी काढूनही जात नाही. जड पाण्याच्या घरी दोन-तीन महिन्यांनी, सौम्य पाण्यावर वर्षातून एक-दोनदा.

ग्राइंडरची पाती ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मिक्सर साफ करायला तांदूळ फिरवतात तसा उपाय इथे करू नका. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कठीण असतो, पाती आणि मोटर दोन्हींवर ताण येतो.

पोर्टाफिल्टर पूर्वीपेक्षा बराच उजवीकडे जाऊनही कडेने पाणी गळू लागलं तर आतली रबरी गॅस्केट कडक झाली आहे. जोर लावून घट्ट बसवत राहिलात तर पकडीचे कान झिजतात. गॅस्केट स्वस्त असते. जाळीचा स्क्रू काढून, जुनी गॅस्केट टोच्याने उचकटून, बसण्याची खाच ब्रशने साफ करून नवी दाबून बसवली की काम होतं.